अडलंय नावाचा गट

डॉ. विजयालक्ष्मी चिलवेरी यांनी सही केली नाही, म्हणून रोगनिदान करणाऱ्या पारख या यंत्राने त्यांना तिसऱ्यांदा आठवण करून दिली.

‘निदान तयार आहे. कृपया मान्यता द्यावी,’ पडद्यावर अक्षरं उमटली. बाहेर बाकांवर अजून सव्वीस माणसं बसलेली. समोरच्या खुर्चीत पार्वती म्हेत्रे, वय बावीस. शेजारी तिची आई शिवलीलाबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

पार्वती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दीड वर्षापासून तिचा तोल जात होता. आधी शिलाई वाकडी जायला लागली, मग पावलं. आता बोलणंही जड झालं होतं. शब्द तोंडातून निघायच्या आधी जिभेवर रेंगाळायचा. पारखने मेंदूची छायाचित्रं, रक्ताचे अहवाल आणि पार्वतीच्या चालण्याचं चित्रण पाहून सव्वा मिनिटात सांगून टाकलं होतं : आनुवंशिक तोलविकार, शक्यता सत्त्याण्णव टक्के, उपचार उपलब्ध नाही.

मज्जातंतूंच्या विकारांच्या तज्ज्ञ म्हणून विजयालक्ष्मीबाईंनी सोलापुरात पस्तीस वर्षं काढली होती. सत्त्याण्णव टक्क्यांशी भांडण्याचं तसं काही कारण नव्हतं. पण खुर्चीखाली पार्वतीच्या चपला सैल पडल्या होत्या आणि तिच्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, आवळ्याएवढी एक गाठ दिसत होती.

“हे कधीपासून?”

“ती होय? आधी एकदा कापून काढली होती की ओ, डॉक्टरीणबाई,” शिवलीलाबाई म्हणाल्या. “परत आली बघा.”

“आणखी कसलं ऑपरेशन?”

“डोळ्याचं. मोतीबिंदू. दहा वर्षांची असताना.”

“दहाव्या वर्षी मोतीबिंदू?”

“दोन्ही डोळ्यांत. आणि पोट तर जन्मापासनं ढिलं. दिवसाला चार-चार वेळा पळायलीय. आता पाय अडकायलेत म्हणून तुमच्याकडं आणलं.”

विजयालक्ष्मीबाईंच्या डोक्यात काहीतरी हललं. पोट, डोळे, टाच, तोल. या चार गोष्टी कुणीतरी कधीतरी एका दमात म्हणाल्याचं त्यांना आठवत होतं. कोण, कुठे, आणि त्या आजाराचं नाव काय, ते मात्र येईना. त्यांनी पारखला विचारलं. पारखने चारही गोष्टींची चार वेगळी, बिनचूक कारणं दिली आणि चौथ्यांदा सही मागितली.

त्यांनी ‘निर्णय राखून ठेवला’ असं लिहिलं आणि पार्वतीला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पारख येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. २०३२ साली ते राज्यातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत बसलं आणि त्याने खरोखर माणसं जगवली. क्षयरोग दोन महिने आधी पकडला जाऊ लागला. न्यूमोनियाने दगावणारी मुलं निम्म्यावर आली. दुर्गम पाड्यावरच्या परिचारिकेच्या हातात मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाचं डोकं आलं. विजयालक्ष्मीबाईंना या यंत्राचा दुहेरी अभिमान होता, कारण पारखला शिकवणाऱ्या विभागाची प्रमुख होती त्यांची एकुलती एक मुलगी, स्वरूपा. पुण्यात बसून ती यंत्राला रोग ओळखायला शिकवत होती. कुणी पारखचं कौतुक केलं की विजयालक्ष्मीबाई गप्प राहायच्या आणि घरी येऊन लेकीला फोन करायच्या.

पण या नऊ वर्षांत दुसरंही एक घडलं होतं. कुणी ठरवून केलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी एकमेकांना विचारणं सोडून दिलं होतं. पूर्वी दर गुरुवारी दुपारी सोलापुरातले तज्ज्ञ एका सभागृहात जमायचे, अवघड रुग्णांवर वाद घालायचे, एकमेकांची टर उडवायचे. आता त्या सभागृहाचं मंगल कार्यालय झालं होतं. परिषदा बंद पडल्या. ज्याने त्याने पारखला विचारावं आणि सही करावी, एवढंच उरलं. पारखने न सुचवलेली तपासणी करायची तर मंजुरीला चौदा पानी अर्ज होता. तो भरणारा डॉक्टर हळूहळू विक्षिप्त समजला जाऊ लागला.

रविवारी सकाळी विजयालक्ष्मीबाईंनी कपाटातून एका जुन्या परिषदेची पुस्तिका काढली. मागे सगळ्या प्रतिनिधींची नावं होती. त्यांनी पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली.

“पारखला विचारलंत का?” पहिल्या गृहस्थांनी विचारलं.

“विचारलं.”

“मग आता आणखी काय?”

दुसऱ्याने तब्येत सांभाळायचा सल्ला दिला. तिसऱ्याला वाटलं, बाई निवृत्तीनंतर काहीतरी संस्था काढतायत. त्याने देणगीची तयारी दाखवली. दुपारपर्यंत चाळीस फोन झाले आणि चार माणसं हाती लागली. मालेगावचे डोळ्यांचे डॉ. नसीम मोमीन. परभणीचे हाडांचे डॉ. ज्ञानदेव खरटमल. वसईच्या डॉ. फिलोमिना तुस्कानो, ज्या रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या आणि ज्यांनी आपली जुनी यंत्रं भंगारात द्यायला नकार दिला होता. आणि गडचिरोलीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. बाबूराव मडावी. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज खणखणीत. पारखबद्दलचं त्यांचं मत छापण्यासारखं नव्हतं.

गट ऑनलाइन करायचा हे उघडच होतं. पाच जण पाच टोकांना. मोमीनांना त्यातली माहिती होती. त्यांनी एक बंदिस्त चर्चागट उभा केला, ज्यात नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय कुणाला शिरता येत नव्हतं. नियम विजयालक्ष्मीबाईंनी केले. रुग्णाचं नाव, चेहरा, गाव येता कामा नये आणि त्याची परवानगी लेखी हवी. औषध कंपन्यांचं काहीही नको. सुप्रभात आणि फुलं नकोत. स्वतःचं मत लिहिल्याशिवाय पारखचं मत सांगायचं नाही. आणि ज्याला ठाऊक नाही त्याने ‘मला ठाऊक नाही’ असं स्पष्ट लिहावं, त्यात कुणीही कमीपणा मानू नये.

“नाव काय द्यायचं?” खरटमलांनी विचारलं. ‘तज्ज्ञ विचारमंच’, ‘आरोग्यसंवाद’ अशी दोन-तीन नावं निघाली.

“काहून एवढं जड नाव?” मडावी म्हणाले. “माणूस कधी विचारते? अडलं तर विचारते. ‘अडलंय’ ठेवा ना जी.”

तेच नाव पक्कं झालं.

पहिला रुग्ण अर्थातच पार्वती. परवानगीच्या कागदावर सही करताना तिने प्रयत्नपूर्वक एकेक शब्द जुळवला, “माझं... नाव... लिहिलं तरी... चालेल.” बाईंनी मान हलवली. नाव लिहायचं नाही, हा नियम तिच्यासाठीही होता.

मंगळवारी सकाळी अकराला त्यांनी सगळी हकिगत गटावर टाकली. खाली लिहिलं : ‘मला ठाऊक नाही. पण या चार गोष्टी वेगळ्या आहेत असं वाटत नाही.’

मोमीनांचं उत्तर आधी आलं. ‘मुलाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तर तो काढून भागत नाही, तो का झाला ते शोधावं लागतं. शोधलं होतं का?’

शोधलं नव्हतं.

खरटमलांनी विचारलं, ‘टाचेची गाठ कापली तेव्हा आत काय निघालं? पिवळट, मेणासारखं काही?’

विजयालक्ष्मीबाईंनी शिवलीलाबाईंना फोन केला. “व्हय,” त्या म्हणाल्या, “डॉक्टरनी दाखवलं होतं. हळद कालवलेलं तूप असतंय बघा, तसलं.”

हे वाक्य बाईंनी जसंच्या तसं गटावर लिहिलं. मडावींनी विचारलं, ‘तान्ही असताना कावीळ रेंगाळली होती का?’ तीही रेंगाळली होती. पावणेबाराला वसईहून तुस्कानोबाईंच्या दोन ओळी आल्या.

‘हे पित्ताचं आहे. यकृतात बिघाड आहे आणि त्याची शिक्षा मेंदूला होतेय. सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस.’

विजयालक्ष्मीबाई खुर्चीत मागे टेकल्या. हेच ते नाव. सीटीएक्स. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांचे प्राध्यापक म्हणाले होते, ‘हे नाव परीक्षेपुरतं पाठ करा, आयुष्यात एकदा दिसलं तर नशीब समजा.’

आजार नावाइतका अवघड नाही. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तातली आम्लं बनवतं. त्या कामाच्या साखळीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. काही माणसांत, आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आल्यामुळे, ते विकर तयारच होत नाही. मग माल अर्धवट बनतो आणि साचत जातो. आधी आतड्यांना त्रास, मग डोळ्याच्या भिंगात, टाचेच्या स्नायुबंधात आणि शेवटी मेंदूत. पंधरा-वीस वर्षं तो गुपचूप साचतो. आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की ते न बनणारं आम्ल गोळीतून दिलं की साचणं थांबतं. ज्या आजाराला पारखने ‘उपचार उपलब्ध नाही’ म्हटलं होतं, त्याला गोळी होती.

पोटाचा डॉक्टर पोट बघतो, डोळ्यांचा डोळे. हा आजार एकट्याला सापडतच नाही. तो सापडायला चौघांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

पार्वतीचं रक्त बर्फात घालून वसईला गेलं. तुस्कानोबाईंनी आपल्या जुन्या यंत्रावर ते तीनदा तपासलं. अर्धवट बनलेला तो पदार्थ नेहमीच्या अठरापट होता.

निकाल ऐकायला म्हेत्रे मायलेकी आल्या तेव्हा सोबत आठ वर्षांची धाकटी अक्षता होती. विजयालक्ष्मीबाईंनी सगळं समजावून सांगितलं. गोळी परदेशातून येईल, महिना-दीड महिना लागेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण पुढे जाणं थांबेल, थोडं सुधारेलही. शिवलीलाबाईंनी हात जोडले आणि मग एकदम, काहीतरी अमंगळ आठवावं तशा त्या थांबल्या.

“डॉक्टरीणबाई, हिचं पण पोट तसंच आहे की ओ.”

अक्षता तेव्हा तपासणीच्या टेबलावरून पाय हलवत वजनकाट्याकडे बघत होती. बाईंनी तिचं रक्त त्याच दुपारी घेतलं. निकाल आला : बारापट. मेंदूची छायाचित्रं मात्र स्वच्छ. एक डागही नाही. तिचा तोल अजून गेला नव्हता आणि आता कधीच जाणार नव्हता.

ती बातमी गटावर लिहिताना पस्तीस वर्षं वैद्यकी केलेल्या बाईंनी तेच वाक्य तीनदा खोडून लिहिलं. खाली खरटमलांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘आज जेवण गोड लागेल.’

बातमी पसरली. पाचाचे चाळीस झाले, चाळीसाचे दोनशे बारा. कुणी नाशिकहून, कुणी चंद्रपूरहून. निवृत्त झालेले, कंटाळलेले, इतकी वर्षं मनातल्या मनात कुरकुरणारे. आणि अशाच एका दुपारी मडावींनी तो प्रश्न विचारला.

‘सीटीएक्स मी पारख यायच्या आधी दोनदा पाहिला. त्यानंतर, या दोन बहिणी सोडल्या तर, एकदाही नाही. तुमच्यापैकी कुणी?’

कुणीच नाही.

‘मग हा रोग महाराष्ट्र सोडून गेला काय?’

विजयालक्ष्मीबाईंनी चाळीस दुर्मीळ आजारांची यादी केली. प्रत्येक सदस्याने आपल्या जुन्या वह्या, केसपेपर, गठ्ठे काढावेत आणि पारखच्या आधी किती पाहिले, नंतर किती, ते लिहावं. मोजायला पाच आठवडे लागले. पारखच्या आधी चाळीसही आजार कुणी ना कुणी पाहिले होते. गेल्या चार वर्षांत, म्हेत्रे बहिणी सोडल्या तर, त्यातल्या सतरा आजारांसमोर शून्य होतं. हे सतरा आजार राज्यातून नाहीसे झाले होते. निदान नोंदींतून तरी.

बाईंनी स्वरूपाला फोन लावला.

“अम्मा, आठवण म्हणजे पुरावा नाही,” स्वरूपा म्हणाली. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरातली ही पोर आईला लहानपणापासून अम्माच म्हणायची. “माणसाला विचित्र तेवढंच लक्षात राहतं. त्यामुळे पूर्वी जास्त होतं असं वाटतं.”

“या वह्या आहेत, स्वरूपा. तारखा आहेत.”

“किती जणांना माहीत आहे?”

“दोनशे बारा डॉक्टरांना. आणि आरोग्य खात्याच्या समितीला मी कळवणार आहे.”

“वीस दिवस थांब. आठवी आवृत्ती येतेय, सहा राज्यांत एकदम. ती लागू दे, मग मी स्वतः बघते.”

“वीस दिवसांत किती पार्वत्या सही होऊन घरी जातील?”

“अम्मा, तू माझ्याविरुद्ध तक्रार करणार?”

“तुझ्याविरुद्ध नाही गं.”

“पारख म्हणजे मीच आहे. नऊ वर्षं दुसरं काय केलंय मी?”

स्वरूपा लहान असताना विजयालक्ष्मीबाई सकाळी सातला घर सोडायच्या. ही पोर आजोबांच्या मागाशेजारी बसून अभ्यास करत वाढली होती, एक दिवसही तिने कुरकुर केली नव्हती. तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच त्या काहीतरी मागत होत्या, आणि तेही असलं.

“सोमवारी सगळा तक्ता तुला पाठवते,” शेवटी त्या म्हणाल्या. “समितीला बुधवारी. दोन दिवस तू आधी बघ.”

फोन कट झाला.

दर रविवारी येणारा फोन त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. विजयालक्ष्मीबाई रुग्ण तपासत होत्या, गटावर उत्तरं देत होत्या, नव्या सदस्यांचे नोंदणी क्रमांक पडताळत होत्या. पण हातातला फोन वाजला की त्या आधी नाव बघायच्या, आणि मग सावकाश उचलायच्या. समितीने आठवी आवृत्ती थांबवून सुनावणी लावली. वर्तमानपत्रांत ‘म्हाताऱ्या डॉक्टरांचं बंड’ असा मथळा आला. एका वाहिनीवर तर कुणीसं म्हणालं, मुलीच्या यशावर आईच जळते. तो कार्यक्रम बाईंनी बंद केला नाही, शेवटपर्यंत पाहिला.

सुनावणी पुण्यात होती. गटातर्फे बाई आणि मडावी गेले. बाईंनी तक्ता मांडला. मग पारख बनवणाऱ्या कंपनीचे संचालक उठले. त्यांनी नऊ वर्षांतली उपलब्धी सांगितली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी ते म्हणाले, “तांत्रिक बाजू आमच्या विभागप्रमुख मांडतील.”

स्वरूपा उठली. तीन आठवड्यांत ती वाळली होती. आईकडे तिने पाहिलं नाही.

“डॉ. चिलवेरींचा तक्ता मला दोन दिवस आधी मिळाला,” ती म्हणाली. “तो चुकीचा आहे हे सिद्ध करायला मी बसले. पारखची पहिली आवृत्ती आम्ही जपून ठेवली आहे. मी पहिल्या आणि सातव्या आवृत्तीला तेच एक लाख रुग्ण दिले. यादीतल्या सतरा आजारांचा संशय पहिल्या आवृत्तीला एकसष्ट जणांत आला. सातव्या आवृत्तीला एकातही नाही.”

संचालकांनी खुर्ची पुढे ओढली. “हे आपल्या सादरीकरणात नाहीये.”

“नाहीये,” स्वरूपा म्हणाली. “पण खरं आहे.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी हाताने संचालकांना बसवलं. “असं का झालं, सोप्या शब्दांत सांगा.”

“पहिल्या आवृत्तीला माणसांनी शिकवलं. डॉक्टरांनी स्वतः डोकं चालवून लिहिलेल्या नोंदींवर ती शिकली. तिने लाखात एकाला होणारा आजार थोडा कमी धरला. कमी धरला म्हणून तपासणी सुचवली नाही. तपासणी नाही, म्हणून आजार सापडला नाही. सापडला नाही, म्हणून नोंदीत आला नाही. पुढची आवृत्ती त्याच नोंदींवर शिकली. तिने आणखी कमी धरला. सातव्या आवृत्तीपर्यंत शिकवायला माणूस उरलाच नव्हता, कारण डॉक्टर फक्त सही करत होते. पारख स्वतःच्याच उत्तरांवरून शिकत होतं आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी गुण देत होतं.”

मग ती कागद बाजूला ठेवून बोलायला लागली.

“माझे आजोबा सोलापुरात चादरी विणायचे. नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ मागावर चढवतात. एकदा मोराच्या नक्षीची मूळ माळ उंदरांनी खाल्ली. आजोबांनी विणलेल्या चादरीवरून नवी माळ करून घेतली. काही वर्षांनी ती झिजली, तेव्हा तिच्या चादरीवरून आणखी एक. मोराचं अंग ठीक होतं, पिसारा ठीक होता. पण मोराचा डोळा एकाच धाग्याचा होता. तिसऱ्या माळेवरचा मोर आंधळा निघाला. गिऱ्हाइकाला ते कळलं नाही. आजोबांना कळलं, कारण त्यांनी पहिला मोर पाहिला होता.” आता तिने पहिल्यांदा वळून बाईंच्या बाकाकडे पाहिलं. “माझ्या यंत्राने पहिला मोर पाहिलेला नाही. या लोकांनी पाहिलाय. त्यांना विचारणं आपण बंद केलं. ती चूक यंत्राची नाही, माझी आहे.”

विजयालक्ष्मीबाईंना त्या चादरीची गोष्ट माहीतच नव्हती. स्वतःच्या वडिलांची गोष्ट! त्या दवाखान्यात असताना केव्हातरी मागाशेजारी बसलेल्या नातीला म्हाताऱ्याने ती सांगितली असणार. इतक्या लोकांसमोर, स्वतःच्या नऊ वर्षांच्या कामाविरुद्ध, आवाज न चढवता बोलणाऱ्या त्या पोरीकडे बघताना त्यांचा ऊर भरून आला. शेजारी मडावींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

बाहेर व्हरांड्यात मायलेकी समोरासमोर आल्या.

“वाहिनीवर काय काय बोलले ते ऐकलंस?” स्वरूपाने विचारलं.

“ऐकलं.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“तुझं मन माझ्या आवाजाने एका बाजूला झुकायला नको होतं. तुझं तू बघायला हवं होतंस.”

“मी दोनदा तुझा नंबर काढला, अम्मा. हे लोक मला काढून टाकतील.”

“काढू देत. जेवलीस का तू?”

कंपनीने आठवड्याभरात तिला विभागप्रमुख पदावरून खरंच दूर केलं. पण समितीचा निर्णय आला तेव्हा तो तिच्याशिवाय राबवणं कुणाला शक्य नव्हतं. पारख बंद झालं नाही. बाईंनीही ते बंद करायची मागणी कधी केली नव्हती. ठरलं ते असं, की दर शंभर रुग्णांतले पाच आधी माणसं तपासतील, यंत्राचं मत न बघता. त्यांच्या नोंदींवरच पुढची आवृत्ती शिकेल. मतभेदाचा चौदा पानी अर्ज रद्द झाला; त्याजागी एक बटण आलं, जे दाबलं की रुग्णाची हकिगत थेट ‘अडलंय’वर जायची. आरोग्य खात्याने गटाला मोठं संस्कृत नाव, कार्यकारिणी आणि बोधचिन्ह देऊ केलं होतं. गटाने आभार मानून तिन्ही नाकारलं. हे सगळं घडवून आणणाऱ्या सरकारी कक्षाचं काम स्वरूपाकडे आलं. पगार कमी, खोली लहान, कामाचा डोंगर.

सहा महिन्यांत त्या बटणातून सीटीएक्सचे अकरा रुग्ण सापडले. इतर सोळा आजारांचे मिळून त्र्याऐंशी. सगळ्यांना वाचवता आलं नाही. पण त्यांच्या आजाराला नाव होतं, आणि बऱ्याच जणांना उपचारही. पार्वती काठी घेऊन चालत होती. कारखान्यात आता ती शिवत नसे, शिवलेलं तपासून बाजूला काढायची. अक्षता तिसरीत गेली होती आणि सकाळची गोळी घ्यायला रोज रडत होती, याचीही शिवलीलाबाई कौतुकाने तक्रार करायच्या.

मग कुणीतरी म्हणालं, आपण सगळे एकदा भेटू या.

सोलापुरात एका शाळेचं सभागृह घेतलं. गटात तोवर नऊशे तज्ज्ञ होते. तीनशेच्या वर आले. वर्षभर रोज एकमेकांशी भांडलेली माणसं पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसत होती. ‘तुम्हीच का ते, माझं मत खोडून काढणारे?’ असं म्हणत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मोमीन कल्पनेपेक्षा फारच उंच निघाले. तुस्कानोबाई वसईची सुकी केळी घेऊन आल्या होत्या आणि ओळख झाली की आधी ती हातावर ठेवत होत्या.

विजयालक्ष्मीबाई मंचावर माइकसमोर उभ्या राहिल्या, तेवढ्यात मागच्या दारातून स्वरूपा आत आली. पुण्याची गाडी उशिरा पोचली होती. सभागृह गच्च भरलेलं. पारखची बाई म्हणून तिचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. ती ओळींमधून जागा शोधत पुढे येत गेली, तशी कुजबुज थांबत गेली. दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका तरुण डॉक्टरने सवयीने विचारलं, “तुम्ही कोणत्या विषयातल्या तज्ज्ञ?”

“मी डॉक्टर नाही,” स्वरूपा म्हणाली. “पारख मी केलं. त्यातली चूकही माझी. ती पुन्हा होऊ नये म्हणून शिकायला आलेय.”

मग पहिल्या रांगेत डॉ. बाबूराव मडावी उठले. नऊ वर्षं पारखच्या नावाने बोटं मोडलेला हा म्हातारा. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, खुर्ची रुमालाने झटकली आणि दोन्ही हातांनी ती तिच्यासमोर सरकवली.

“बसा ना, बाई,” ते म्हणाले. “तुमची वाटच पाहून राहिलो होतो.”

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळं सभागृह उभं राहिलं.

मंचावर विजयालक्ष्मीबाईंनी भाषणाचा कागद उघडला, मिटला. माइकवर त्यांचा श्वास ऐकू आला. “माफ करा,” त्या म्हणाल्या, “आत्ता मला बोलता येणार नाही,” आणि तशाच, तीनशे डॉक्टरांसमोर, डोळ्यांतलं पाणी न पुसता हसत उभ्या राहिल्या.